सेंगा युनियाची दोन बोटं

मंगळवार, ४ जून

आज पुरुषांच्या वॉर्डात तीन संमतिपत्रं वाचली. तिन्ही मंजूर. जानेवारीपासूनची एकूण संख्या सदतीस, आणि सदतीसच्या सदतीस माणसांनी होकार दिलेला आहे. एकाही फॉर्मवर खाडाखोड नाही. अंगठ्याचा एकही ठसा चौकटीबाहेर गेलेला नाही. हे इथे नोंदवून ठेवतो, कारण रुग्णालयात कुणी नोंदवणार नाही.

डॉ. लामुनू उत्तरेकडच्या. त्यांना आमची लुगांडा भाषा येत नाही, म्हणून या कामावर माझी नेमणूक झाली. शाळेत मी सहावीपर्यंत गेलो, पुढचं सगळं माझं मी. इंग्रजी ज्या शब्दकोशातून शिकलो त्याची शेवटची पानं उंदरांनी खाल्ली होती, तेव्हा तिथले शब्द मला जुन्या वर्तमानपत्रांतून एकेक करून गोळा करावे लागले. वीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, एकोणीस वर्षं आमच्या चर्चमध्ये दर रविवारी वाचन केलं. सांगायचा मुद्दा असा की, संमतिपत्राचं मी नुसतं भाषांतर केलेलं नाही, त्याची रचना केली आहे. एका श्वासात किती शब्द यावेत याचा विचार करून स्वल्पविराम दिले आहेत.

डॉक्टरांनी आज आकडा ऐकला आणि हसल्या. म्हणाल्या, "सदतीसपैकी सदतीस? मिस्टर सेम्पा, माझी आई चहासाठीसुद्धा इतक्या वेळा हो म्हणत नाही."

मी म्हणालो की, वाचणारा नीट वाचत असेल तर ऐकणारे नीट ऐकतात. जाताना त्या फॉर्मांचा गठ्ठा उचलून घेऊन गेल्या, आणि परत केला तेव्हा त्याचा क्रम बिघडलेला होता. लावून ठेवला.

शुक्रवार, ७ जून

सेंगा युनिया आली. सेंगा म्हणजे आत्या; माझ्या वडिलांची सख्खी मोठी बहीण, वय एकाहत्तर. मोटारसायकलवर एका बाजूला पाय सोडून बसून आली, डावं पाऊल केळीच्या सोपटात गुंडाळलेलं. सोपट सोडल्यावर नर्सने तोंड फिरवलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही काळी ठिक्कर. तीन आठवडे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, मटोकेच्या केळीची लागवड चालू होती, सांगायला वेळ कुणाला होता.

साखरेचा आजार. हे आम्हाला सहा वर्षांपासून ठाऊक आहे आणि फणसवाल्यालाही ठाऊक आहे.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. दोन बोटं आत्ताच कापावी लागतील. थांबलो तर पाऊल जाईल. मग गुडघ्यापर्यंत. मग, असं म्हणून त्यांनी स्वतःच्या पायावर हाताची कड ठेवत ठेवत वर नेली, शिंपी माप घेतो तशी, आणि शेवटी हात नुसताच हवेत हलवला. मला सगळं समजलं. सेंगाला त्यातलं पहिलंच माप सांगितलं, तेही सौम्य शब्दांत. बाकीचं सांगायची काही गरज नव्हती.

माझी आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. तिथून पुढे मला सेंगानेच वाढवलं. तिला स्वतःला अक्षर येत नाही. मी साबणाच्या वेष्टनावरचा मजकूर मोठ्याने वाचायचो, तेव्हा ती शेजारणींना हाक मारून बोलवायची आणि मला पहिल्यापासून पुन्हा वाचायला लावायची. वेष्टन तेच, शेजारणी त्याच. तरी दर वेळी.

सोमवार, १० जून

सेंगाचं संमतिपत्र वाचलं. क्रमांक अडतीस.

इतकं चांगलं वाचन माझ्या हातून बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं, हे लिहायला संकोच वाटत नाही. वॉर्डातल्या सहाही बायका उठून बसल्या. मधलं कलम मी खास सेंगासाठी नव्याने लिहिलं होतं: "पावलाचा जो भाग दूषित झालेला आहे तो विधिपूर्वक दूर करून पावलास पूर्ववत निर्मळता प्राप्त करून देण्यात येईल." 'निर्मळता' या शब्दावर जरा थांबलो. शेवटची ओळ संपली तेव्हा सेंगा म्हणाली, "न्झिकिरिझा." आणि शेजारच्या चार खाटांवरूनही तोच शब्द आला. त्यांतली एक तर हिवतापासाठी दाखल झालेली आहे.

डॉक्टरांनी विचारलं, या सगळ्या का बोलल्या? मी त्यांना समजावलं की, आमच्याकडे 'मला मान्य आहे' आणि 'माझी श्रद्धा आहे' याला शब्द एकच. चर्चमध्ये श्रद्धेची कबुली म्हणतात तिची सुरुवातही त्याच शब्दाने होते. वाचणाऱ्याचा आवाज विशिष्ट पद्धतीने खाली आला की माणसांच्या तोंडून तो आपोआप निघतो. मी हे गुण म्हणून सांगत होतो. त्यांनी कपाळाला आठी घालून ते वहीत टिपून घेतलं.

शस्त्रक्रिया बुधवारी सकाळी नऊला.

कुणी म्हणेल, 'कापणे' हा शब्द का वापरला नाही. त्याला व्याकरणाचं कारण आहे. आमच्या भाषेतलं ते क्रियापद केळीचा घड उतरवताना वापरतात, जळाऊ लाकडासाठी वापरतात. माणसाच्या बाबतीत ते शोभत नाही. निदान सेंगाच्या बाबतीत नाही.

मंगळवार, ११ जून

सेंगाच्या उशीखाली फणसाचे गरे सापडले. नर्सला तिने ऐकवलं की, साखर चहात असते, फणसात झाड असतं. गरे जप्त. नर्सने ते खाल्ले.

बुधवार, १२ जून

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

आठ वाजून दहा मिनिटांनी मी वॉर्डात गेलो. खाट रिकामी. चादर घडी घालून ठेवलेली. सेंगाचं गाठोडं नाही, चटई नाही. संडासात नाही, स्वयंपाकाच्या पडवीत नाही. शेवटी फाटकापाशी सापडली. रस्त्याकडे तोंड करून बाकावर बसली होती, गाठोडं मांडीवर, मोटारसायकलची वाट बघत. शेजारी अतीम बसली होती.

अतीम म्हणजे वॉर्ड पुसणारी बाई. डॉक्टरांच्याच भागातली. बारा वर्षं इथे राहून तिची लुगांडा अशी आहे की ऐकताना माझे दात आंबतात. एक नाम बरोबर लावील तर शपथ. ती सेंगाशी बोलत होती आणि डॉक्टर जरा मागे उभ्या होत्या. मी पुढे निघालो, तर डॉक्टरांनी हात आडवा करून मला थांबवलं. मला.

अतीम म्हणत होती, "आई, तुझा दोन बोट. काळा झाला. ते कापणार. सुरी. कापणार, टाकणार. तू ठाऊक?"

मला वाटलं, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. एवढं मी जपून जपून, झाकून मांडलेलं, ते या बाईने कोंबडी सोलावी तसं सोलून ठेवलं. आता सेंगा रडेल, असं वाटलं. ती रडली नाही. बाकावर थोडी सरकली आणि अतीमला म्हणाली, "ते ठाऊक आहे गं. काळी बोटं काय धुऊन गोरी होणार आहेत? पण टाकणार म्हणजे कुठे टाकणार?"

अतीमला ठाऊक नव्हतं. तिने आमच्याकडे बघितलं. मग सेंगाने मागे वळून मला पाहिलं आणि गाठोडं जरा पदराखाली ओढलं, जसं काही मी ते हिसकावून घेणार होतो.

डॉक्टरांनी माझ्याकडून सगळं शब्दशः इंग्रजीत करून घेतलं. त्यांनी सेंगाला विचारायला लावलं की, सोमवारी हो का म्हणालात? सेंगा म्हणाली, "हा वाचत होता. मधेच कसं अडवायचं? सगळ्या बायका ऐकत होत्या. शेवटी सगळ्या न्झिकिरिझा म्हणाल्या, माझंही तोंड म्हणालं."

आणि आज जायला का निघाला होता? "हो म्हटलं होतं ना. आता नाही कोणत्या तोंडाने म्हणायचं? त्यापेक्षा घरी गेलेलं बरं."

डॉक्टरांनी फॉर्म क्रमांक अडतीस मागितला, त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली आणि 'रद्द' लिहिलं. रेघ पट्टीशिवाय मारली. सेंगाला म्हणाल्या की, आज कुणीही काही करणार नाही, पायावर औषध लावून घ्या, राहायचं की जायचं ते तुम्ही ठरवा, पण फार दिवस ठरवत बसू नका. हेही मीच भाषांतरित केलं. सेंगा थोडा वेळ रस्त्याकडे बघत बसली आणि मग म्हणाली, "चहा मिळेल का इथे?" अतीमने गाठोडं उचललं आणि तिला हाताला धरून आत नेलं.

गुरुवार, १३ जून

डॉक्टरांशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. त्या दुपारी स्वतःच माझ्या टेबलापाशी येऊन बसल्या. म्हणाल्या, "तुमच्या फॉर्ममध्ये 'नाही' कुठे म्हणायचं?"

मी दाखवलं. शेवटून तिसऱ्या ओळीत आहे: 'रुग्णास प्रस्तुत उपचार स्वीकारण्याचे वा न स्वीकारण्याचे स्वातंत्र्य राहील.'

"ही ओळ वाचताना कधी कुणी तुम्हाला थांबवलं?"

मी म्हणालो, वाचनात कुणी थांबवत नाही, ही शिस्त आहे. त्या म्हणाल्या, "ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या 'हो'ला काय अर्थ आहे, मिस्टर सेम्पा? मग तो आपलाच आवाज आपल्याला परत ऐकू येतो."

या मुलीचं वय जेमतेम बत्तीस. ज्या वर्षी मी पहिल्यांदा चर्चमध्ये वाचायला उभा राहिलो, त्या वर्षी ही शाळेच्या गणवेशात फिरत असेल.

डॉक्टरांनी सेंगाबद्दल आणखीही एक गोष्ट विचारली: पाऊल जाईल, मग गुडघा जाईल, हे मी सांगितलं होतं का? मी म्हणालो, थोडक्यात. "म्हणजे किती थोडक्यात?" मी म्हणालो, पाणी प्यायला जातो.

शनिवार, १५ जून

सदतीस फॉर्म काढून पुन्हा वाचले. मनातल्या मनात, आवाजाशिवाय. आवाज काढून टाकल्यावर त्यांतली काही वाक्यं मलाच दोनदा वाचावी लागली. हे फक्त इथे लिहितो.

क्रमांक एकवीस हा मासे वाळवणारा म्हातारा, हर्नियाचा. शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आल्यावर त्याने मला विचारलं होतं, "मला कापलं का रे?" मी समजलो होतो की भूल अजून उतरलेली नाही.

दुपारी नवीन कागद घेतला. सगळ्यात वर लिहिलं: 'दोन बोटं कापणार.' तीन शब्द. बराच वेळ त्याकडे बघत बसलो. व्याकरण बरोबर आहे. चूक काहीच नाही. तरी ते लिहायला मला दोन कागद जास्त लागले.

रविवार, १६ जून

चर्चमध्ये वाचलं. चांगलं झालं. कबुलीच्या वेळी सगळ्यांनी एका सुरात न्झिकिरिझा म्हटलं आणि मी पहिल्यांदाच वर मान करून चेहऱ्यांकडे पाहिलं. एक माणूस म्हणता म्हणता जांभई देत होता.

सोमवार, १७ जून

पायाचा काळेपणा वाढलेला नाही, पण डॉक्टर म्हणाल्या, आणखी थांबायचं असेल तर आता दिवस मोजून थांबावं लागेल. सेंगाने मला निरोप पाठवला: कागद घेऊन ये.

गेलो. या वेळी उभा राहिलो नाही, खाटेवर तिच्या पायाशी बसलो. डॉक्टर दुसऱ्या बाजूला. पहिली ओळ वाचली. दुसरी वाचायला तोंड उघडलं, तोच सेंगा म्हणाली, "थांब."

थांबलो.

"कुठली सुरी? आपली केळीची असते तसली?" मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी बोटाच्या पेराएवढं माप दाखवलं. मग तिने विचारलं, दुखेल का, किती वेळ लागेल, आणि शुद्धीवर राहून बघता येईल का. डॉक्टर म्हणाल्या, पाऊल तेवढं बधिर करू, हवं तर बघा. सेंगा म्हणाली, नको, मी नुसतं विचारलं.

वाचन अकरा वेळा थांबलं. मी मोजलं. कागदावर एकंदर चौदा ओळी होत्या.

नाही कापलं तर काय, ही ओळ आली. डॉक्टरांनी त्या पहिल्या शुक्रवारी दाखवली होती ती मापं मी या वेळी सेंगाच्या पायावर दाखवली. घोट्यावर हात ठेवला, मग गुडघ्याखाली ठेवला. त्याच्या वर नेताना माझा हात थांबला, तो तिने धरला आणि बाजूला ठेवला. "कळलं," ती म्हणाली. "तुला तेव्हाच सांगता आलं असतं की. तुझ्या बापाला मी नाही का सांगितलं, त्याच्या दुखण्याच्या वेळी?" मग म्हणाली, आता माझं ऐक, आणि सगळं परत तिने मला सांगितलं, तिच्या शब्दांत: दोन बोटं कुजलीत, तिसऱ्याला शिकवायच्या आत काढायची, नाही काढली तर ती वर चढत येतील, काढली तरी साखर राहणार, फणस बंद. फणसाचं मी वाचलेलं नव्हतं. ते तिने स्वतः घातलं.

"आता बोटं कुठे जाणार ते सांग. फाटकापाशी कुणी सांगितलं नाही."

मला ठाऊक नव्हतं. पाच महिन्यांत सदतीस फॉर्म वाचले, ही गोष्ट मी कधी विचारलीच नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं, मागच्या खड्ड्यात जाळतात. हे मी जसंच्या तसं सांगितलं, 'जाळतात' या शब्दासकट.

सेंगा म्हणाली की, ती आमच्या केळीच्या बागेमागे पुरली जाणार, तिच्या आईबापांच्या रांगेत. तिकडे गेल्यावर आईने विचारलं, बाकीची कुठे आहेस, तर काय सांगू? रुग्णालयाच्या कचऱ्यात? बोटं मला परत द्या. देणार असाल तर कापा. नाहीतर मी घरी जाते, मग पाय जाईल तर जाईल, पण तो माझ्याच घरी जाईल.

मी भाषांतर केलं. एकही शब्द गाळला नाही, एकही घातला नाही. डॉक्टर खिडकीबाहेर बघत होत्या. त्या म्हणाल्या, आमच्याकडेही आजीने असंच विचारलं असतं. मग म्हणाल्या, "बोटं त्यांची आहेत. मी कोण नाही म्हणणारी? नोंदवहीत सही मात्र करावी लागेल."

कागदावर पंधरावी ओळ मी सेंगाच्या सांगण्यावरून लिहिली. अंगठा लावण्याआधी तिला विचारलं, काय म्हणतेस? न्झिकिरिझा म्हणाली नाही. म्हणाली, "कापा. मी सांगते म्हणून कापा." ठसा चौकटीबाहेर गेला. राहू दिला.

बुधवार, १९ जून

झालं. बेचाळीस मिनिटं लागली. सेंगाने आत अतीमला बोलवून घेतलं होतं आणि सगळा वेळ तिला लुगांडा शिकवत होती, असं डॉक्टर म्हणाल्या. मला बोलावलं नाही. मी पडवीत बसलो होतो. तिथे येरझाऱ्या घालायला जागा कमी पडते.

बोटं औषधाच्या पाण्यात, झाकणाच्या बरणीत. सुरक्षित जागा म्हणून बरणी माझ्या फॉर्मांच्या कपाटात ठेवली आहे. लेबल मी लिहिलं.

मंगळवार, २५ जून

जखम स्वच्छ. सेंगा खुर्चीत बसते.

एझिरोनीकडे गेलो होतो. तो आमच्या घराण्याचा प्रमुख, दफनभूमी त्याच्या हातात. म्हणाला, जिवंत माणसाला हप्त्याहप्त्याने पुरलेलं मी पाहिलेलं नाही, अशाने उद्या प्रत्येक जण काढलेला दात घेऊन येईल. मी निरोप सेंगाला सांगितला. तिने उलट निरोप पाठवला: एझिरोनीला म्हणावं, तू जन्मलास तेव्हा तुझी नाळ मी पुरली आहे, तेव्हा तूही काही पूर्ण आलेला नव्हतास. एझिरोनीने शनिवार दिला.

आज दोन फॉर्म वाचले. एक होकार. दुसऱ्या बाईने सहावी ओळ ऐकून सांगितलं, नको, पुढच्या महिन्यात येते, तोवर पोरीचं लग्न होऊ दे. मी 'नाही' लिहिलं. जानेवारीपासूनचं पहिलं. अक्षर चांगलं आलं.

शनिवार, २९ जून

सकाळी दहाला बागेमागे जमलो. सेंगा खुर्चीत, अतीम खुर्चीच्या मागे, एझिरोनी टोपी हातात घेऊन. डॉक्टरही आल्या, चर्चचे रविवारचे बूट घालून, आणि चिखलात रुतल्या. खड्डा मी खणला: खोली दीड हात, बाजू सरळ. झाडाच्या सालीच्या कापडाचा तुकडा सेंगाने घरून मागवला होता, तांबूस, मऊ, मोठ्या माणसाला पुरताना गुंडाळतात त्याच प्रतीचा. त्यात बोटं गुंडाळून तिने स्वतः गाठ मारली.

प्रार्थनेचं पुस्तक मी सोबत नेलं होतं. बोटांसाठी त्यात वेगळं काही नाही, म्हणून दोन ठिकाणच्या ओळी जुळवून एक छोटासा मजकूर तयार केला होता. पुस्तक उघडलं, घसा साफ केला. सेंगाने हात वर केला. म्हणाली, "येको, तू छान वाचतोस. पण आज राहू दे. मी बोलते."

पुस्तक मिटलं. त्याचं वाईट वाटलं नाही, असं इथे नोंदवतो.

ती खुर्चीतून वाकली, गाठोडं खड्ड्यात ठेवलं आणि त्याच्याशी बोलली. मी पुस्तकाच्या पाठीमागच्या पानावर लिहून घेतलं, ते असं: "आईला सांगा, बाकीची मागून येते, घाई नाही. चुलीवर पोळलात, तीन पोरांमागे धावलात, तुमचे आभार. आणि कुणी विचारलं, 'तुम्हाला कुणी नेलं?', तर सांगा, कुणी नेलं नाही. तिनेच पाठवलं."

मग तिने मला माती लोटायला सांगितलं.